अदृश्य क्षेत्रातले कामगार

२७ जानेवारी २०१८ ची संध्याकाळ. मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात एका वृद्ध महिलेला एमआरआय तपासणीसाठी नेले जात होते. सोबत आलेल्या तरुण नातेवाइकाच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर होता. यंत्र बंद आहे, सिलिंडर आत न्यायला हरकत नाही, असे त्याला सांगितले गेल्याचे कुटुंबीयांनी नंतर सांगितले. तो खोलीत शिरला आणि पुढचे सारे काही क्षणांत घडले. यंत्रातल्या चुंबकाने सिलिंडर ओढून घेतला, सिलिंडरसोबत तोही खेचला गेला आणि त्याचा जीव गेला.

ही अशी पहिली घटना नव्हती. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईतील एका वैद्यकीय संस्थेत एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ अशाच तऱ्हेने सिलिंडर आणि एमआरआय यंत्र यांच्यामध्ये काही तास अडकून पडले होते.

या दुर्घटनांमागे एक साधी गोष्ट आहे. ती यंत्र चालवणाऱ्याला माहीत असते, पण त्या खोलीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत नसते. एमआरआयचे चुंबक कधीच ‘बंद’ नसते. तपासणी चालू नसताना, खोलीत दिवे नसताना, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतही त्याचे चुंबकीय क्षेत्र तेवढेच प्रबळ असते. चुंबकाची वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात. त्या थंडीत तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून वीज न देताही फिरत राहतो. आवाज थांबला म्हणजे यंत्र थांबले, हा आपला रोजचा अनुभव. तो पंख्याला लागू पडतो, मिक्सरला लागू पडतो, एमआरआयला नाही.

क्षेत्र दिसत नाही, पण मोजता येते

वीज जिथे वाहते तिथे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. विजेचा दाब असतो तिथे विद्युत क्षेत्र असते. दोन्ही मिळून विद्युतचुंबकीय क्षेत्र. यातली काही क्षेत्रे स्थिर असतात, जसे एमआरआयच्या चुंबकाचे. काही सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करतात, म्हणजे आपल्या घरच्या विजेचे पन्नास हर्ट्झ. धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत ही संख्या शेकडो ते हजारोंमध्ये असते. रेडिओ, मोबाइल आणि रडारच्या लहरींमध्ये ती लाखो, कोटी आणि अब्जांमध्ये जाते.

क्ष-किरण आणि गॅमा किरणांत अणूमधले इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून त्यांनी पेशीतील डीएनएला थेट इजा होऊ शकते. वर सांगितलेल्या क्षेत्रांत तेवढी ऊर्जा नसते. म्हणूनच क्ष-किरण विभागातला शिशाचा ॲप्रन एमआरआयच्या खोलीत काहीही संरक्षण देत नाही. पन्नास हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तर शिशातून जणू तिथे काही नाहीच असे आरपार जाते. देशातील क्ष-किरण आणि सीटी स्कॅन यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एमआरआय मात्र त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही, कारण त्यात तसली किरणेच नाहीत. ‘यात रेडिएशन नाही’ हे वाक्य खरे आहे. त्यावरून ‘यात धोका नाही’ असा अर्थ काढला की घोटाळा होतो.

चुंबकीय क्षेत्र टेस्ला या एककात मोजतात. पृथ्वीचे क्षेत्र, ज्यावर होकायंत्राची सुई फिरते, ते साधारण ५० मायक्रोटेस्ला, म्हणजे एका टेस्लाचा वीस हजारावा भाग. बहुतेक रुग्णालयांतले एमआरआय १.५ टेस्लाचे असते. म्हणजे पृथ्वीच्या सुमारे तीस हजार पट. तीन टेस्लाचे यंत्र असेल तर साठ हजार पट.

शरीरावर होते काय?

१८९६ मध्ये फ्रेंच वैज्ञानिक आर्सेन दार्सोनव्हाल यांनी बदलत्या चुंबकीय क्षेत्रात डोके धरले असता डोळ्यांपुढे प्रकाशाचे ठिपके चमकतात, अशी नोंद केली. कमी वारंवारतेचे प्रबळ क्षेत्र शरीरात सूक्ष्म विद्युत प्रवाह निर्माण करते. डोळ्याचा पडदा त्याला सर्वांत आधी प्रतिसाद देतो. क्षेत्र आणखी वाढले तर नसा उत्तेजित होतात, स्नायू आपोआप आखडतात. स्थिर क्षेत्रही चालत्या माणसाला स्थिर राहत नाही. एमआरआयच्या तोंडाजवळ डोके झटकन फिरवले की काहींना गरगरते, मळमळते, तोंडात धातूची चव येते. हे त्रास थोड्या वेळात जातात. पण त्याच क्षणी हातात सुई असेल किंवा भूल दिलेला रुग्ण समोर असेल, तर थोडा वेळही महाग पडतो.

रेडिओ लहरींचे काम वेगळे. त्या शरीरातल्या पाण्याला ऊर्जा देतात आणि ऊती तापतात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन याच तत्त्वावर चालतो. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे चार वॉट ऊर्जा अर्धा तास शोषली गेली, तर शरीराचे तापमान साधारण एक अंशाने वाढते. रक्त ही उष्णता वाहून नेते, पण डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो. म्हणून अतिप्रबळ मायक्रोवेव्हच्या माऱ्याने मोतीबिंदू होऊ शकतो. वृषणांनाही उष्णता सोसत नाही. आणखी एक धोका चटक्याचा. रेडिओ लहरींनी भारित झालेल्या धातूला हात लागला की बसणारा चटका वरून लहान दिसतो, पण आत खोल असतो आणि भरायला वेळ लागतो. कामगार तो ‘शॉक बसला’ म्हणून सोडून देतो आणि दवाखान्यात येतो तेव्हा बोट सुजलेले असते.

भीती एकीकडे, क्षेत्र दुसरीकडे

आपल्याकडे या विषयाची चर्चा होते ती गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवरून. सोसायटीच्या सभेत त्यावर तासन्‌तास वाद होतात. पण टॉवरपासून पन्नास मीटर दूर खिडकीत बसलेल्या माणसापर्यंत पोचणाऱ्या लहरी मर्यादेच्या खूप खाली असतात. कार्यालयातला संगणक, वाय-फाय, झेरॉक्स यंत्र यांच्याबाबतही तेच.

कर्करोगाचा प्रश्न लोक हमखास विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये विजेच्या तारांभोवतीच्या कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांना आणि २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ ब’ या गटात टाकले. ‘कदाचित कर्करोगकारक असू शकेल, पण पुरावा मर्यादित आहे’ असा त्याचा अर्थ. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. संशोधन चालू राहील आणि राहायला हवे. पण ज्या धोक्यांबद्दल शंका नाही, जे आज, याच पाळीत माणसाला इजा करू शकतात, ते टॉवरखालच्या घरात नसतात. ते यंत्रापासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या कामगारापाशी असतात.

तो कामगार कोण, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

पावसाळ्याआधी रेनकोट आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या, नव्हे, चिकटवणाऱ्या कारखान्यांत ‘एचएफ मशीन’ असते. प्लास्टिकचे दोन थर दाबून त्यातून २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडल्या की ते आतून वितळून जोडले जातात. कामगार समोर बसून दोन्ही हातांनी माल सरकवतो आणि पायाने पेडल दाबतो. हात पट्टीपासून वीतभर अंतरावर आणि दिवसाला शेकडो वेळा. रेडिओ लहरींचा सर्वांत जास्त संपर्क येणाऱ्या कामांत या कामाची गणना जगभर होते. यंत्राबरोबर धातूचे आवरण आलेले असते, पण माल पटपट सरकत नाही म्हणून ते काढून कोपऱ्यात ठेवलेले असते. वर पत्र्याचे छप्पर आणि बाहेर मे महिना. शरीर आधीच तापलेले असताना आतून आणखी उष्णता देण्याचा हा प्रकार.

जालन्यातल्या पोलाद कारखान्यांत आणि कोल्हापूरच्या फाउंड्रींमध्ये इंडक्शन भट्ट्या धगधगत असतात. तिथे वितळलेल्या धातूचा धोका डोळ्यांना दिसतो. भट्टीच्या वेटोळ्याभोवतीचे क्षेत्र दिसत नाही. बोटातली अंगठी तापू लागली की कामगाराला नवल वाटते. पण बोटातली अंगठी आणि भट्टीतले भंगार यांना तापवणारा नियम एकच आहे.

गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डर केबल खांद्यावर टाकून काम करतो. साधा हिशेब करून पाहावा. दोनशे अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या सरळ तारेपासून दोन सेंटिमीटरवर सुमारे २ मिलिटेस्लाचे क्षेत्र असते. पन्नास हर्ट्झसाठी कामगारांची आंतरराष्ट्रीय मर्यादा १ मिलिटेस्ला आहे. हीच तार एक मीटर दूर जमिनीवर ठेवली, तर क्षेत्र ०.०४ मिलिटेस्लावर येते. पैसा खर्च झाला नाही, यंत्र बदलले नाही, केबल फक्त खांद्यावरून खाली आली.

रुग्णालयातला भौतिकोपचार विभागही यातून सुटत नाही. गुडघेदुखीसाठी दिले जाणारे शॉर्टवेव्ह डायथर्मीचे शेक २७ मेगाहर्ट्झच्याच लहरींचे असतात. रुग्णाला ते वीस मिनिटे मिळतात, पण उपचार करणारी व्यक्ती दिवसभर त्या यंत्रांमध्ये वावरते. यंत्र चालू असताना पॅड आणि केबलपासून किमान एक मीटर दूर राहावे, हा नियम गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दोन खाटांमध्ये तेवढी जागाच नसल्याने मोडतो.

आणि गच्चीवरचा टॉवर? तिथे काळजी करायची ती अँटेनाच्या अगदी समोर काम करणाऱ्याची. भिंत रंगवणारा, वॉटरप्रूफिंग करणारा, एसी दुरुस्त करणारा माणूस दोरीला लटकत नेमका अँटेनाच्या पुढ्यात येतो. त्या पांढऱ्या पट्टीतून काही बाहेर पडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मोबाइल कंपनीच्या माणसाला प्रशिक्षण मिळते, रंगाऱ्याला नाही. आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह केंद्राचा उंच मनोरा तर स्वतःच अँटेना असतो. प्रक्षेपण चालू असताना त्याला हात लागला तर चटका बसतो, आणि जवळच्या बांधकामावरच्या क्रेनच्या हुकाला हात लावणाऱ्यालाही बसू शकतो.

महावितरणच्या वायरमनबाबत मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका क्षेत्राचा नाही, थेट विजेच्या धक्क्याचा आहे. क्षेत्राच्या चर्चेत रबरी हातमोजे आणि अर्थिंग विसरले जाऊ नये.

ज्यांच्या शरीरात यंत्र आहे

वयाच्या पन्नाशीत पेसमेकर बसलेला वेल्डर किंवा भट्टीवरचा मुकादम दोन महिन्यांनी कामावर परतायचे म्हणून फिटनेसचा दाखला मागायला येतो. डॉक्टर रक्तदाब पाहतात, ईसीजी काढतात आणि सही करतात. ‘काम काय करता?’ हा प्रश्न राहून जातो. पेसमेकर हृदयातून येणारे सूक्ष्म विद्युत संकेत ऐकत असतो. बाहेरच्या क्षेत्राने त्याची फसगत होऊ शकते. गरज असताना तो ठोका देणे थांबवतो किंवा डिफिब्रिलेटर असेल तर विनाकारण झटका देतो. निरोगी कामगाराला काहीच न जाणवणाऱ्या, अर्ध्या मिलिटेस्लाच्या स्थिर क्षेत्रातही काही उपकरणांवर परिणाम होतो. म्हणूनच एमआरआय विभागात ‘पाच गॉसची रेषा’ आखतात. पाच गॉस म्हणजेच अर्धा मिलिटेस्ला.

याचा अर्थ अशा माणसाची नोकरी गेली पाहिजे, असा मुळीच नाही. पेसमेकरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत कोणत्या यंत्रापासून किती अंतर ठेवायचे ते दिलेले असते. ती पुस्तिका आणि कामाचे वर्णन एकत्र ठेवून हृदयरोगतज्ज्ञ आणि कारखान्याचे डॉक्टर यांनी निर्णय घ्यायचा असतो. बहुतेकदा जागा बदलून भागते. पण नोकरी जाईल या भीतीने कामगार पेसमेकरची गोष्ट लपवतो, तेव्हा त्याला वाचवण्याचा मार्गच बंद होतो.

गरोदर महिलांचेही असेच. पोटातले बाळ कामगार नसते. म्हणून गरोदर महिलेला कामगारांची नव्हे, सर्वसामान्य जनतेची कडक मर्यादा लावावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. एचएफ मशीनवर किंवा डायथर्मीजवळ काम करणाऱ्या महिलेने गरोदरपण लवकर सांगावे आणि मालकाने तिला पगार न कापता दुसरे काम द्यावे.

नियम काय सांगतात

या क्षेत्रांच्या मर्यादा ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग शास्त्रीय पुराव्यांवरून वेळोवेळी मार्गदर्शक तत्त्वे काढतो. कमी वारंवारतेसाठी २०१० ची आणि रेडिओ लहरींसाठी २०२० ची तत्त्वे सध्या वापरात आहेत. रेडिओ लहरींसाठी चार वॉटचा उंबरठा धरून कामगारांसाठी त्याच्या एक दशांश, म्हणजे संपूर्ण शरीरासाठी किलोमागे ०.४ वॉट, आणि जनतेसाठी एक पन्नासांश, म्हणजे ०.०८ वॉट अशी मर्यादा आहे. कामगाराला जास्त मुभा का? कारण तो प्रशिक्षित आहे, त्याला धोका माहीत आहे आणि त्याच्यावर देखरेख आहे, असे गृहीत धरले आहे. हे गृहीतक जिथे खोटे ठरते, तिथे ती मुभाही टिकत नाही. गच्चीवरचा रंगारी या अर्थाने ‘कामगार’ नाहीच.

युरोपीय संघाने कामगारांसाठी २००४ मध्ये स्वतंत्र निर्देश काढला. तो जसाच्या तसा लागू केला तर एमआरआय वापरणेच अवघड होईल, असा आक्षेप वैद्यकीय क्षेत्रातून आला आणि अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. अखेर २०१३ मध्ये नवा निर्देश आला आणि जुलै २०१६ पर्यंत सदस्य देशांनी तो कायद्यात आणायचा होता. त्यात एमआरआयला अटींसह सूट मिळाली. मालकाने आधी धोक्याचे मूल्यमापन करायचे, कामगारांना माहिती द्यायची, पेसमेकर असलेल्या आणि गरोदर कामगारांचा वेगळा विचार करायचा, हा त्याचा गाभा.

भारतात २०१२ पासून मोबाइल टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतका कडक निकष लागू झाला. तो रहिवाशांसाठी. कारखान्यातल्या आणि रुग्णालयातल्या कामगारांसाठी युरोपसारखा तपशीलवार कायदा आपल्याकडे नाही. पण सुरक्षित कामाची जागा देणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व १९८७ पासून कारखाने अधिनियमात आले आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही आहे. क्षेत्र दिसत नाही, म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही.

करायचे काय?

सुदैवाने यातले बहुतेक उपाय स्वस्त आहेत.

पहिला उपाय अंतर. वेटोळ्यापासून थोडे दूर गेले की त्याचे क्षेत्र झपाट्याने घटते. अंतर दुप्पट केले तर क्षेत्र साधारण एक अष्टमांश होते. भट्टीचे नियंत्रण फलक, कामगाराची बसायची जागा आणि चहाची बाकडी पाच-सात फूट मागे सरकवली, तरी मोठा फरक पडतो.

दुसरा उपाय यंत्रातच. एचएफ मशीनचे आवरण जागेवर हवे आणि नीट अर्थ केलेले हवे. कामगाराच्या पायाखाली लाकडी फळी किंवा विद्युतरोधक चटई असली, तर पायांतून जमिनीकडे जाणारा प्रवाह घटतो. बसायला लोखंडी स्टूल नको. वेल्डिंगची जाणारी आणि परतीची केबल शेजारी शेजारी ठेवली, तर दोघींची क्षेत्रे एकमेकांना बरीचशी खोडून काढतात.

तिसरा उपाय कामाच्या पद्धतीत. अँटेनासमोर काम असेल तर आधी कंपनीला कळवून प्रक्षेपण बंद करून घ्यावे, बंद झाल्याची खात्री करावी आणि मगच दोरी सोडावी. जमिनीवर रंगाने रेषा आखावी आणि फलक मराठीत व हिंदीत लावावा, चित्रासह. इंग्रजीतला पिवळा त्रिकोण ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो भिंतीवरची शोभा असतो.

चौथा उपाय अंगावरच्या वस्तूंचा. भट्टी आणि एचएफ मशीनजवळ अंगठी, धातूच्या बांगड्या, जोडवी नकोत. एमआरआयच्या दाराशी किल्ल्या, कात्री, मोबाइल, केसांतले चाप आणि साडीच्या पिनासुद्धा काढून ठेवायच्या. सिलिंडर, स्ट्रेचर, व्हीलचेअर आणि आग विझवण्याचे नळकांडे हे सारे चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचेच हवे आणि त्यावर तसे ठळक लिहिलेले हवे. चुंबकाचे क्षेत्र तातडीने घालवणारे बटण असते. त्याने हेलियम उकळून बाहेर जाते आणि खर्च मोठा येतो. पण माणूस अडकला असेल तर ते कोणी, केव्हा दाबायचे, हे आधीच ठरलेले असावे.

शेवटचा उपाय प्रशिक्षणाचा, आणि तिथेच आपण कमी पडतो. एमआरआयचे प्रशिक्षण तंत्रज्ञाला मिळते. रात्री अकरा वाजता रुग्णाला ढकलत आणणारा वॉर्डबॉय, पहाटे लोखंडी बादली घेऊन फरशी पुसायला येणारी मावशी, कंत्राटदाराकडून आजच पाठवलेला बदली कामगार, सुरक्षारक्षक आणि आग लागल्यावर धावत येणारा अग्निशामक, यांना कोण सांगते? कंत्राट बदलले की माणसे बदलतात आणि शिकवलेले त्यांच्याबरोबर निघून जाते. म्हणून हे प्रशिक्षण वर्षातून एकदा सभागृहात देऊन भागत नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी, त्या दारापाशी उभे करून, त्याच्या भाषेत सांगावे लागते.

त्यासाठी पाच मिनिटे पुरतात. या दारापलीकडे चुंबक आहे, ते कधीही बंद नसते. लोखंड आत न्यायचे नाही. डॉक्टरांनी सांगितले तरी नाही, घाई असली तरी नाही. शंका आली तर थांबायचे आणि विचारायचे. आणि थांबल्याबद्दल त्याला कोणी रागावणार नाही, हे त्याच्या वरिष्ठांनी त्याच्यासमोर सांगायचे. वॉर्डबॉयने डॉक्टरांना अडवणे आपल्या रुग्णालयांत सोपे नाही. ते सोपे करणे हाच या दारावरचा सर्वांत महत्त्वाचा सुरक्षा उपाय आहे.